एकशे अठरा शेतकरी

हार्दिकभाई साडेबाराला जेवायला येणार होते. पाच वाजता पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखानदार शेडच्या किल्ल्या न्यायला येणार होता. मधल्या साडेचार तासांत सबनीसांचा मकरपुऱ्यातला कारखाना राहतो की जातो ते ठरायचं होतं. अशा दिवशी माणसं गंभीर होतात अशी एक समजूत आहे. समा भागातल्या त्या घरात निरुपमा आणि तिची नणंद विमलताई सकाळपासून श्रीखंडात जायफळ किती घालायचं यावर भांडत होत्या.

“वन्सं, बस झालं आता. हार्दिकभाईंना एवढं नाही चालायचं.”

“जायफळाने माणूस सुस्तावतो. सुस्तावलेला माणूस नाही म्हणत नाही. घाल अजून.”

निरुपमाने घातलं. त्या दिवशी विमलताईंशी वाकडं घ्यायची कोणाचीच तयारी नव्हती. त्यांचे वडील दत्ताजीराव जाताना कारखाना तिन्ही मुलांच्या नावाने सारखा करून गेले होते, आणि काहीही मोठं करायचं तर तिघांपैकी दोघांचं मत हवं अशी अट घालून गेले होते. धाकटे मुकुंदराव, म्हणजे निरुपमाचे यजमान, तीस वर्षं कारखाना चालवून थकले होते. बैलाची कोळपी बनवायची आणि गावात बैलच राहिले नाहीत, तेव्हा शेड भाड्याने देऊन मोकळं व्हावं असं त्यांचं म्हणणं. मधले भास्करराव रेल्वेतून निवृत्त झालेले. बाबांचा कारखाना बंद करायचा नाही हे त्यांचं ठाम मत होतं, मात्र तिथे जायला त्यांना कोणी सांगू नये. राहिल्या थोरल्या विमलताई. त्या कारेलीबागेतून रिक्षाने येत, दोघांचं ऐकून घेत आणि म्हणत, “जेवण झाल्यावर सांगते.” जेवण झाल्यावर त्या झोपत. असं वर्षभर चाललं होतं.

पाडव्याला मुकुंदरावांनी शेवटी तारीखच टाकली. विहंगचं नवं यंत्र डभोईच्या हार्दिकभाईंनी दुकानात ठेवायला घेतलं तर बघू. नाही घेतलं तर श्रावणातल्या या रविवारी किल्ल्या जातील आणि विहंग पुण्याला नोकरीला जाईल. विहंग त्यांचा मुलगा, सत्तावीस वर्षांचा. त्याने हो म्हटलं, आणि त्या दिवसापासून तो शेडमध्येच जेवायला लागला.

यंत्र आता हॉलमध्ये सोफा सरकवून सोलापुरी चादरीवर उभं होतं. शेतातलं तण काढायचं, बॅटरीवर चालणारं, एका चाकाचं. रंग मोरपंखी. पातं स्टेनलेस स्टीलचं, खटका दाबला की सुटं होणारं, नळाखाली धरून धुता येणारं. चाकावर पूर्ण झाकण. दांड्याची घडी होत होती. आवाज पंख्याएवढाच.

“मिक्सरसारखं दिसतं,” मुकुंदराव म्हणाले. हे ते महिनाभर रोज म्हणत होते.

“बाबा, संशोधन आहे यामागे. एकशे वीस शेतकऱ्यांनी जे मागितलं तेच केलंय. कौमुदीताईचा पेपर वाचा.”

मुकुंदरावांनी पेपर वाचला होता, दोनदा. तीस वर्षं शेतकऱ्यांत वावरून आपल्याला यातलं काहीच कसं कळलं नाही याचा त्यांना मनातून राग येत होता.

कौमुदी ही भास्कररावांची मुलगी. तिची व्यवस्थापनातली पीएच.डी. चालली होती, विषय छोट्या शेतकऱ्याची खरेदी. गावोगावी जाऊन फॉर्म भरून आणायचं काम भास्कररावांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. “छत्तीस वर्षं रेल्वेत फॉर्मच भरले. माझ्यासारखा माणूस तुझ्या सरांनाही मिळायचा नाही.” उत्तरांचे आकडे कॉम्प्युटरवरही त्यांनीच चढवून दिले. आकडे चकित करणारे होते. मध्य गुजरातच्या शेतकऱ्याला ताकद नको होती, वेग नको होता. त्याला धुवायला सोपं, उचलायला हलकं आणि दुपारी आवाज न करणारं यंत्र हवं होतं. अहमदाबादच्या परिसंवादात पेपरला पहिलं बक्षीस मिळालं. एका वयस्क प्राध्यापकांनी उभं राहून सांगितलं की आपण आजवर शेतकऱ्याला ओळखलंच नाही. एकशे वीसपैकी एकशे अठरा जणांची जमीन ‘अत्यल्प’ कशी, हा प्रश्न कौमुदीला पडला होता. पण त्यावरही तिने अडीच पानं लिहिली होती.

“कौमुदी, ते मूळ फॉर्म काढ बघू,” मुकुंदराव म्हणाले. “हार्दिकभाईंसमोर गठ्ठा ठेवू. कागद दिसला की माणसाचा विश्वास बसतो.”

भास्कररावांच्या हातातलं वर्तमानपत्र तोंडासमोर आलं. “कशाला ते? आकडे आहेत ना.”

“असू देत की. कुठायत, दादा?”

“माळ्यावर. म्हणजे होते. उंदीर झालेत माळ्यावर.”

“आपल्याला माळा नाही, बाबा,” कौमुदी म्हणाली.

“म्हणून तर सापडत नाहीत.”

कौमुदी आपल्या बाबांना ओळखून होती. त्यांनी वर्तमानपत्र उलटं धरलं नव्हतं, एवढंच. काकूने टेबलावर घालायची चादर आणायला सांगितली होती म्हणून ती आत गेली, काकूचं कपाट उघडलं, आणि चादरीच्या खाली साडीच्या खोक्याच्या रिबिनीने बांधलेला गठ्ठा मिळाला. वरच्याच फॉर्मवर हळदीचं बोट उमटलं होतं.

ती पलंगावर बसून वाचायला लागली.

‘आपली जमीन किती?’ याच्यापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘गच्चीवर सात कुंड्या, शिवाय तुळस.’ ‘मुख्य पीक?’ – ‘गवती चहा. कढीपत्ता टिकत नाही.’ ‘सिंचनाची सोय?’ – ‘वॉशिंग मशीनचं पाणी.’ ‘यंत्र कुठे ठेवाल?’ – ‘ओट्याखाली, सिलिंडरच्या बाजूला.’ ‘आवाज किती चालेल?’ – ‘दोन ते चार अजिबात नको, हे झोपतात.’ आणि शेवटी, ‘काही सूचना?’ – ‘चि. कौमुदीला डॉक्टर होण्यासाठी अनेक शुभेच्छा. मुलं बघत असाल तर कळवावे. माझा भाचा कॅनडात आहे.’

कौमुदीने दहा फॉर्म वाचले, वीस वाचले. मग ती गठ्ठा घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तो पुऱ्यांच्या ताटाशेजारी आपटला.

“काकू, हे काय आहे?”

निरुपमाने तेलात पुरी सोडली. “सापडले का? तरी मी भाऊजींना म्हटलं होतं, जाळून टाका.”

भास्करराव दारात येऊन उभे होते. आता पळायला जागा नव्हती, म्हणून ते स्टुलावर बसले. “हे बघ, मी गेलो होतो. खोटं नाही बोलत. डभोईच्या पलीकडे, स्कूटरने. पहिल्या शेतावर त्यांनी छास दिली, गारेगार ताक. दुसऱ्या शेतावर छास दिली आणि खाटही दिली. डोळा लागला. उठलो तर पाच वाजले होते. परत निघालो तर गावची कुत्री मागे लागली. रेल्वेत कधी कुत्री मागे लागली नाहीत गं.”

“म्हणून?”

“म्हणून दोन फॉर्म झाले. ते मात्र अगदी खरे आहेत.”

“रडकुंडीला आले होते,” निरुपमा म्हणाली. “संक्रांतीचे दिवस, माझं हळदीकुंकू होतंच. म्हटलं, बायका येणार, वाण घेणार, पाच मिनिटं बसून फॉर्म भरतील. आपल्याकडे पन्नास झाले, सोसायटीच्या हॉलमध्ये चाळीस, मंडळाच्या हळदीकुंकवात बाकीचे. आणि एकीनेही टाळाटाळ नाही केली हं. आपल्याला शेत असतं तर काय हवं असतं, असा विचार करकरून लिहिलंय. पेंडसेवहिनींनी तर पुरवणी मागितली.”

“काकू, त्या शेतकरी नाहीत!”

“नाहीत. पण तुझी पीएच.डी. होती ना. आईविना पोर, तिचं अडलंय म्हटल्यावर सगळ्या बसल्या गं लिहायला. तिळगूळ हातात तसाच.”

कौमुदीला रडू यायला लागलं आणि त्याचाच जास्त संताप आला. दोन वर्षांचं काम पाण्यात गेलं होतं, परिसंवादात आपण एकशे अठरा बायकांच्या कुंड्यांवर भाषण ठोकलं होतं, आणि ज्यांनी हे केलं त्यांच्यावर नीट ओरडताही येत नव्हतं. फॉर्म एकदाही उघडून न पाहणारी संशोधक तीच होती.

“विहंगला माहीत आहे?”

“नाही,” भास्करराव घाईने म्हणाले. “त्याला सांगू नकोस. आजच्या दिवस गप्प बस. हार्दिकभाईंनी घेतलं की शेड वाचली. सरांना मग सावकाश सांग. चाल ने बेटा, एवढं ऐक.”

“त्यात एक फॉर्म माझा आहे.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. विमलताई जायफळाची किसणी हातात घेऊन फ्रिजशेजारी उभ्या होत्या, आणि त्या किती वेळ उभ्या होत्या हे कोणालाच माहीत नव्हतं.

“मी मोरपंखीवर खूण केली होती,” त्या म्हणाल्या. “बाहेर ते यंत्र पाहिलं तेव्हाच वाटलं, शेतकऱ्यांची आवड माझ्यासारखी कशी?”

“आत्या, मी काय करू?”

“जेवण झाल्यावर सांगते,” विमलताई म्हणाल्या, आणि तेवढ्यात बेल वाजली.

हार्दिकभाई पस्तिशीचे, गोल चेहऱ्याचे, आणि कोणाच्याही घरी आपल्याच घरात आल्यासारखे वावरणारे. डभोईत त्यांचं शेतीच्या यंत्रांचं दुकान होतं आणि आसपासच्या चाळीस गावांत त्यांचा शब्द चालत होता. “केम छो मुकुंदभाई! खुशबू तो जोरदार आवे छे,” म्हणत ते थेट पानावर बसले. निरुपमाने त्यांच्यासाठी मुद्दाम कांदा-लसूण न घालता स्वयंपाक केला होता. त्यांनी पहिल्याच घासाला विचारलं, “भाभी, थोडा कांदो मळशे?” श्रीखंड मात्र तीनदा घेतलं. विमलताई प्रत्येक वेळी समाधानाने बघत होत्या.

जेवण झाल्यावर सगळे मागच्या अंगणात आले. विहंगने यंत्र चालू केलं आणि निरुपमाच्या शेवंतीच्या वाफ्यातून एक फेरी मारली. तण गेलं, शेवंतीची दोन रोपंही गेली.

“ढकलू नका, चालू करो ने,” हार्दिकभाई म्हणाले.

“चालूच आहे.”

“चालू छे? अवाज तो नथी!” ते यंत्राभोवती फिरले. मोठी जांभई दिली. मग पुन्हा फिरले. “मुकुंदभाई, खोटं नाही सांगत. शेतकरी माणूस दुकानात येतो तेव्हा पहिला विचारतो, केटला हॉर्सपावर. मशीन चालू केलं की दुकान हललं पाहिजे. अने आ कलर? आ तो मारी वाइफनी साडीनो कलर छे.”

विहंगने खिशातून रुमाल काढला आणि पातं पुसायला लागला. ते स्वच्छच होतं.

इथे मुकुंदराव जे बोलले ते त्यांनाही आधी माहीत नव्हतं. यंत्र नापास झालं असतं तर त्यांचीच सरशी होती, शेड सुटली असती. पण आपला मुलगा असा रुमालाने पातं पुसत उभा राहिलेला त्यांना बघवेना.

“हार्दिकभाई, हे कोणाच्या डोक्यातून निघालेलं नाही,” ते म्हणाले. “एकशे वीस शेतकऱ्यांना विचारून केलंय. तुमच्याच पट्ट्यातल्या. प्रत्येकाचा फॉर्म आहे.”

“एकसो वीस?” हार्दिकभाई थांबले. “मोटी मोटी कंपनीवाला बार जणांना पण विचारत नाहीत. एसीमध्ये बसून बनवतात ने माझ्या माथ्यावर मारतात. एकशे वीस खेडूत बोलले असतील तर मी कोण वच्चे बोलनारा? मुकुंदभाई, मूको पचास माझ्या दुकानात.”

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग विहंगच्या हातातून रुमाल खाली पडला. मुकुंदरावांनी त्याच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की तो वाफ्यात एक पाऊल पुढे गेला. भास्कररावांनी आकाशाकडे बघून हात जोडले.

कौमुदी पायरीवर उभी होती. आता फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, म्हणजे विहंगची शेड राहणार होती, तिची पदवी राहणार होती, बाबांची अब्रू राहणार होती. आणि पन्नास यंत्रं पन्नास शेतांवर जाणार होती, पेंडसेवहिनींच्या तुळशीच्या भरवशावर. ती विहंगकडे बघत होती. तो हसत होता, कित्येक महिन्यांनी. तिला स्वतःचा फार राग आला आणि तरी ती बोलली.

“हार्दिकभाई, थांबा. ते एकशे वीस शेतकरी नाहीत. दोन आहेत.”

“दोन?”

“बाकी एकशे अठरा बायका आहेत. समा, कारेलीबाग, अलकापुरी. काकूच्या हळदीकुंकवाला आल्या होत्या. चूक माझी आहे. मी फॉर्म उघडून पाहिले नाहीत.”

“दादा!” मुकुंदराव ओरडले.

“कुत्री मागे लागली होती,” भास्करराव म्हणाले.

विहंगने खाली पडलेला रुमाल उचलला. मग त्याने हळूच विचारलं, “ताई, मग मी हे बनवलं कोणासाठी?”

“पेंडसेवहिनींसाठी,” निरुपमाच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने पदर तोंडावर धरला.

हार्दिकभाईंनी हात पुढे केला. “लावो, बताओ फॉर्म.” ते तिथेच पायरीवर बसून वाचायला लागले. गच्चीवरच्या कुंड्या वाचून हसले, सिलिंडर वाचून डोळे पुसले, कॅनडाचा भाचा मोठ्याने वाचून दाखवला. त्या हसण्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं कौमुदीला वाटलं. मग एका फॉर्मवर ते अडले.

“‘एका हाताने उचलता यावं,’” त्यांनी वाचलं. “‘दुसऱ्या हातात नेहमी काहीतरी असतंच.’ आ कोणे लख्युं छे?”

फॉर्मवर नाव नव्हतं.

“‘पदर अडकू नये.’ ‘दुरुस्तीला नवऱ्याची वाट बघावी लागू नये.’” त्यांनी गठ्ठा मांडीवर ठेवला. “मुकुंदभाई, एक वात कहुं? आमच्याकडे निंदामण कोण करते? तण कोण काढते? बा काढते. भाभी काढते. मजुरीवाली पण सगळी बाई. अने मशीन घ्यायला दुकानात कोण येते? भायडा लोक. नेतात, आठ दिवस फोटो काढतात, मग ते भेंसच्या मागे पडून राहते. बार वरसमां मारी दुकानमां एक बाई नथी आवी. मी पण कोणाला विचारलं नाही.”

“म्हणजे पन्नास घेता?” भास्कररावांनी आशेने विचारलं.

“अरे ना रे काका! आता तर एक पण नाही घेत. आ बेनो कुंड्यांवाल्या, शेत कुठे पाहिलंय? पहेलां माझ्या बाला दाखवू. बा आत्ता खेतरमां ज हशे.”

“पाचला तो किल्ल्या न्यायला येतोय,” मुकुंदराव म्हणाले.

“तो चालो ने, जल्दी!”

निघताना हार्दिकभाईंना तीन वाट्या श्रीखंडाने गाठलं. आपल्या टेम्पोची किल्ली विहंगच्या हातात देऊन ते शेजारी बसले आणि कपुराईचा नाका यायच्या आधीच घोरायला लागले. मागून मुकुंदरावांच्या गाडीत बाकीचे. विमलताई कित्येक वर्षांत पहिल्यांदाच जेवून झोपल्या नव्हत्या, आणि त्याबद्दल सगळ्यांना दोष देत होत्या. कौमुदीने सरांना मेसेज केला: ‘सर, माझी सगळी माहिती चुकीची आहे. पेपर मागे घ्यायचा आहे. पुन्हा सुरुवात करते.’ वाटेत उत्तर आलं: ‘उद्या दहाला भेटा.’ ते वाचून तिने फोन पर्समध्ये टाकला आणि आत एखादा कोरा कागद आहे का ते पाहिलं.

शेतात कपाशी गुडघ्याच्या वर आली होती. हार्दिकभाईंच्या आई सविताबा तीन बायकांबरोबर ओळीत बसून दातरडीने, म्हणजे आपल्या विळ्याने, तण काढत होत्या. सत्तरीच्या, ठेंगण्या आणि मोठ्या आवाजाच्या. त्यांनी पाहुण्यांकडे पाहिलं आणि सगळ्यात आधी भास्कररावांना ओळखलं.

“अरे, आ तो पेला छासवाळा काका! खाटलो झाड नीचे छे हं, काका.”

त्या दिवशी सबनीस मंडळी पहिल्यांदा एकत्र हसली. भास्करराव इतके लाजले की खरोखरच झाडाखाली जाऊन उभे राहिले.

विहंगने यंत्र उतरवलं. बांनी ते न विचारता एका हाताने उचललं, खाली ठेवलं, खटका दाबून पातं काढलं, पंपाच्या पाण्याखाली धरलं. “वासण जेवुं,” त्या म्हणाल्या. भांड्यासारखंच निघत होतं. मग त्यांनी यंत्र ओळीत घातलं आणि चालायला लागल्या. मागे तण उपटून पडत होतं. यंत्राचा आवाज नसल्यामुळे त्यांना चालता चालता पलीकडच्या ओळीतल्या सुनेला दोन गोष्टी सुनावताही आल्या. टोकाला जाऊन त्या परत आल्या.

“हाथो ऊंचो छे. आ कोणे माप्यो?”

विहंगने घसा खाकरला. दांड्याची उंची अगदी ओट्याच्या उंचीएवढी होती, तेही बहुमताने. “चार बोटं कमी करू?”

“छ आंगळ. काप.”

त्याने टेम्पोतली करवत घेऊन तिथेच दांडा सहा बोटं कापला. बांनी पुन्हा एक ओळ काढली. तिसऱ्या ओळीला सुनेने यंत्र मागितलं, बांनी दिलं नाही. चौथीला एक मजुरीवाली बाई ते ओढूनच घेऊन गेली. कौमुदीने पर्समधून एक कोरा कागद काढला होता आणि ती बांना नाव विचारत होती. बा नाव सोडून बाकी सगळं सांगत होत्या.

“हार्दिक,” बा म्हणाल्या, “आ मशीन अहीं रहेशे. बीजी चार लाव.”

हार्दिकभाई डोळे चोळत मुकुंदरावांकडे आले. “पचास नाही, पाच. दिवाळीपर्यंत पाच बायकांना चालवायला देतो. त्या बोलल्या हो, तर बाकीची वात.”

“पाच म्हणजे घेतलं असं नाही होत,” मुकुंदराव म्हणाले.

“होतं!” झाडाखालून भास्करराव ओरडले. “एक घेतलं तरी घेतलंच. बाबांनी पहिल्या वर्षी तीनच कोळपी विकली होती.”

“दादा, तू गप्प बस. तुझे फॉर्म बघितले मी.”

मुकुंदरावांचा फोन वाजत होता. खोकीवाला शेडपाशी येऊन थांबला होता. विहंग करवत हातात धरून दोघा भावांकडे आळीपाळीने बघत होता, आणि त्याला काही विचारायची हिंमत होत नव्हती. मुकुंदरावांचं मत एक, भास्कररावांचं एक.

“ताई कुठे आहे?” मुकुंदरावांनी विचारलं.

विमलताई कपाशीत होत्या. बांनी “बेन, तमे चलावो” म्हणून त्यांच्या हातात यंत्र दिलं होतं. साडी खोचून, चपला बांधावर काढून ठेवून, अडुसष्ट वर्षांच्या विमलताई ओळीच्या मध्यावर पोचल्या होत्या. मुकुंदराव फोन कानापासून लांब धरून त्यांच्या मागे धावले.

“ताई, तो किल्ल्या मागतोय. आता तरी मत दे. जेवण झालंय.”

विमलताईंनी वळून पाहिलं नाही. “मुकुंदा, जन्मभर मी सबनीसांची लेक म्हणून मिरवले. बाबांनी मला एकदाही शेडमध्ये नेलं नाही. तुम्हा दोघांना कोळपं धरायला शिकवलं, मला म्हणाले, तू बस. मरताना मात्र तिसरा हिस्सा दिला.” यंत्र सरळ चाललं होतं. “हे मला जमतंय रे. बघ की, जमतंय मला.”

“जमतंय, ताई. पण त्याला काय सांगू?”

“त्याला सांग, शेड रिकामी नाही. आणि तू माझ्या मागे मागे येऊ नकोस. पिकावर पाय पडतोय तुझा.”